भात्यातून वाफ्यात : खुरप्याची कुळकथा

निफाडच्या शिवारात कांद्याच्या वाफ्यात बसून बाया ज्यानं तण काढतात, ते खुरपं मूळचं बाणाचं पातं आहे. ऐकणारे आधी हसतात, म्हणून पुरावा लगेच मांडतो.

मज्झिम निकायातलं चूळमालुंक्य सुत्त पुष्कळांना त्यातल्या दृष्टान्तापुरतं ठाऊक असतं. विषारी बाण लागलेला माणूस हटून बसतो. बाण कुणी मारला, धनुष्य कसलं होतं, दोरी कशाची होती, हे कळल्याशिवाय तो वैद्याला बाण काढू देत नाही, आणि हे कळायच्या आतच मरतो. बुद्धाचा रोख निष्फळ चौकश्यांवर आहे. मी मात्र त्या माणसाच्या एका प्रश्नापाशी अडकलो : पातं कोणत्या जातीचं होतं? तिथं दिलेल्या जातींत ही नावं आहेत : खुरप्प, वेकंड, नाराच, वच्छदंत, करवीरपत्त. वच्छदंत म्हणजे वासराचा दात, करवीरपत्त म्हणजे कण्हेरीचं पान. माझा रस खुरप्पात. संस्कृतात तोच क्षुरप्र. टर्नर यांनी भारतीय-आर्य भाषांचा जो तौलनिक कोश केला, त्यात क्षुरप्र या एकाच नोंदीखाली पालीतला हा बाण आणि आपलं खुरपं शेजारी शेजारी बसले आहेत.

नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरावर, म्हणजे आपल्या पांडवलेण्यांत, सातवाहनांच्या काळात भिक्षू राहत. गौतमी बलश्रीनं तिथलं एक भव्य लेणं भदायनीय पंथाच्या भिक्षूंना दिलं. बाणाचा हा दृष्टान्त त्यांच्या कानांवरून गेलाच असणार. म्हणजे खुरप्प हा शब्द त्या डोंगरावर अठराशे वर्षांपूर्वी उच्चारला जात होता, असं मी धरून चालतो. पायथ्याच्या शेतांत तो आजही रोज उच्चारला जातो.

बाणाच्या टोकांचा पूर्वेतिहास थोडक्यात आटोपतो. गोदाकाठी दगडाची सूक्ष्म पाती सापडतात, पुढे तांबं आलं, मग लोखंड. विदर्भातल्या महाश्मकालीन दफनांत कुऱ्हाडी-खंजिरांच्या जोडीला लोखंडी बाणाग्रं आहेत. कळवण-सुरगाण्याकडच्या भिल्ल आणि कोकणा वस्त्यांत तीरकामठा अगदी अलीकडेपर्यंत घरोघर होता. इथवरचं सगळ्यांना माहीत आहे. खरी गंमत पात्याच्या निवडीत आहे.

बंदुकीची गोळी आघातानं जनावर पाडते. बाणात तेवढा जोर नसतो. तो रक्तवाहिन्या कापतो आणि जनावर रक्त जाऊन पडतं. पातं बोथट असेल तर वाहिनी बाजूला सरकते, नाहीतर फाटते, आणि फाटलेली वाहिनी आकसून लवकर मिटते. वस्तऱ्याच्या धारेनं कापलेली वाहिनी मात्र वाहत राहते. हरीण थोड्या अंतरावर शांतपणे कोसळतं की दिवसभर झुडपांत तडफडतं, हे पात्याची धार ठरवते. ज्या देशांत धनुष्यानं हरणाची शिकार कायदेशीर आहे, तिथले शिकारी म्हणूनच पात्यावर इतका खल करतात. न हलणारं, एकसंध पातं घ्यायचं. वजन बहुधा 100 किंवा 125 ग्रेन, म्हणजे साडेसहा ते आठ ग्रॅम. दोनपाती घ्यायचं की तीनपाती? अरुंद दोनपाती हाडाला लागूनही खोल शिरतं. रुंद पातं जास्त कापतं, पण लवकर अडतं.

हाच खल आपल्याकडे फार आधी झालेला आहे. चौदाव्या शतकातल्या शार्ङ्गधरपद्धतीत धनुर्वेदाचा भाग आहे. त्यात पात्यांच्या दहा जाती येतात : आरामुख, क्षुरप्र, गोपुच्छ, अर्धचंद्र, सूचीमुख, भल्ल, वत्सदंत, द्विभल्ल, कर्णिक आणि काकतुंड. प्रत्येकाचं काम वेगळं. कुणी चिलखत भेदायचं, कुणी धनुष्य तोडायचं, कुणी काळजाचा वेध घ्यायचा. पानाच्या आकाराचा भल्ल खोल शिरणारा. पुढे तो बाणाच्या काडीवरून लांब दांड्यावर चढला आणि भाला झाला. पात्याचं नाव हातातल्या हत्याराला मिळतं याचा हा दाखला लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता वाद. पहिला पक्ष म्हणतो, खुरपं हा शब्द खुरावरून आला. जुन्या कोशांत क्षुरप्राचा अर्थ घोड्याच्या नालेसारख्या टोकाचा बाण असा दिलेला आहे, आणि नाल म्हटली की खूर आलाच. या गैरसमजाचं मूळ पालीत आहे. पालीत वस्तऱ्यालाही खुर म्हणतात आणि जनावराच्या खुरालाही खुरच म्हणतात, त्यामुळे दोन्ही अर्थ एकमेकांत मिसळले. माझा आक्षेप सरळ आहे. त्या दहांच्या यादीत अर्धचंद्र स्वतंत्र आहे. चंद्रकोरीसारखं, दोन शिंगांचं पातं म्हणजे अर्धचंद्र. क्षुरप्रही तसाच असता, तर एकाच आकाराला दोन जागा कशाला दिल्या असत्या? क्षुरप्र म्हणजे पुढची कड रुंद आणि धारदार असलेलं, वस्तऱ्यासारखं पातं. टोकानं भोसकणारं नव्हे, कडेनं कापणारं. खुरपं हातात घेऊन बघा, त्याचं काम कोण करतं? टोक नव्हे, कड.

खुराच्या पक्षाकडे आणखी एक बाण आहे, आणि तो चांगला आहे. ते विचारतात : क्षेत्राचं शेत झालं, क्षुरिकेची सुरी झाली, मग क्षुरप्राचं सुरपं का झालं नाही? पण क्षाराचा खार, क्षीराची खीर आणि भिक्षेची भीक मराठीनंच केली आहे. क्ष दोन्ही वाटांनी जातो. शिवाय माझा एक तर्क आहे. गावोगाव फिरून शेतीची अवजारं करणारे घिसाडी घरात गुजरातीच्या वळणाची बोली बोलतात, आणि तिकडच्या बोलींत ख चालतो. घरातली सुरी सुरीच राहिली, पण भात्याजवळ घडलेलं अवजार घडवणाऱ्याच्या तोंडचा ख घेऊन आलं.

दुसरा पक्ष अधिक तगडा आहे. तो म्हणतो : आधी शेतकऱ्याचं खुरपं, मग सैनिकानं ते काडीला लावलं. ग्रंथ लिहिणाऱ्यांना लढाया दिसल्या, वाफे दिसले नाहीत, म्हणून बाण आधी नोंदला गेला. बाणांची नावं कारागिरांच्या हत्यारांवरून पडतात हेही खरं. आरामुख म्हणजे चांभाराच्या आरीसारखं तोंड, सूचीमुख म्हणजे सुईसारखं तोंड. मग खुरप्यावरून क्षुरप्र का नसेल?

नसेल, कारण त्या नावात वस्तरा आहे. क्षुर म्हणजे न्हाव्याचं हत्यार. तण काढायच्या अवजाराला वस्तऱ्याची धार कुणी लावत नाही. मातीत, खड्यांत ती क्षणभरही टिकणार नाही. वस्तऱ्याचं नाव त्याच वस्तूला शोभतं, जिला मांस कापायचं आहे आणि जिची धार एकदाच लागणार आहे. आरीवरून आरामुख, सुईवरून सूचीमुख, तसा वस्तऱ्यावरून क्षुरप्र. आधी न्हाव्याची पेटी, मग भाता, मग शेत, असा हा प्रवास मी लावतो. भल्लाचा भाला झाला त्याच वाटेनं क्षुरप्राचं खुरपं झालं. लढाया आणि शिकारी सरल्या, लोहार आणि त्याच्या हातातला आकार उरला.

या तर्काला अनपेक्षित दुजोरा मिळतो तो अमेरिकेतून. फ्रेड बेअर या नामवंत धनुर्धारी शिकाऱ्यानं 1956 साली हरणाच्या शिकारीसाठी एक पक्कं पातं बाजारात आणलं. त्याचं नाव ‘रेझरहेड’, म्हणजे वस्तरामुख. त्याला कुणी पाली शिकवली नव्हती. पण मांस कापणाऱ्या पात्याला नाव देताना जगाच्या दोन टोकांच्या दोन माणसांना एकच हत्यार आठवलं.

क्षुरप्र शिकारीत वापरत होते का, की नुसता रणांगणावरचा? याचं उत्तर कालिदास देतो. रघुवंशाच्या नवव्या सर्गात दशरथ शिकारीला निघतो. क्षुरप्रांनी तो गेंड्यांची शिंगं उडवतो आणि त्यांना जिवंत सोडतो; चमरी मृगांवर मात्र भल्लांचा वर्षाव करतो. म्हणजे शिंग कापायला क्षुरप्र, ही निवड कवीलाही पाठ होती. त्याच सर्गात हरणाचा प्रसंग आहे. नेम धरलेल्या हरणाच्या आड त्याची मादी येऊन उभी राहते, आणि कानापर्यंत ओढलेला बाण राजा उतरवतो. रुंद धारेच्या बाणांचं वेड बाहेरही होतं. रोमचा सम्राट कॉमोडस चंद्रकोरी बाणांनी शहामृगांच्या माना उडवत असे, असं हेरोडियन हा इतिहासकार सांगतो. जपानात दुबेळक्या टोकाचा कारिमाता होता.

धारेचा भाग मला सगळ्यांत प्रिय. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातला आठवा अध्याय शस्त्रांचा आहे. शल्य म्हणजे अंगात रुतलेलं बाणाचं टोक. मनात सलतं तो सलही त्याचाच वंशज. ते काढणारी विद्या ती शल्यविद्या. तेव्हा वैद्य आणि तिरंदाज एकाच लोखंडाचा विचार करत होते. सुश्रुत शस्त्राला पाणी द्यायचे तीन प्रकार सांगतो : क्षाराचं, साध्या पाण्याचं आणि तेलाचं. बाण, शल्य आणि हाड कापायच्या शस्त्राला क्षाराचं. मांस कापायच्या शस्त्राला पाण्याचं. शीर टोचायच्या, स्नायू कापायच्या शस्त्राला तेलाचं. धार लावायला उडदाच्या रंगाची गुळगुळीत शिळा आणि लावलेली धार टिकवायला सावरीच्या लाकडाची फळी. धार किती बारीक? भेदायच्या शस्त्राची मसुराएवढी, छेदायच्या शस्त्राची अर्ध्या केसाएवढी. आणि परीक्षा : शस्त्रानं केस कापला गेला पाहिजे. आजचा धनुर्धारी शिकारी पातं हातावरून फिरवून केस उतरतात का ते पाहतो, दगडानंतर चामड्याच्या पट्ट्यावर धार घोटतो. शिळा आणि फळी, दोन्ही जागच्या जागी आहेत.

या पाणी देण्याला सुश्रुताचा शब्द पायना, म्हणजे पाजणं. लोखंडाला पाणी पाजायचं. आपण कुऱ्हाड ‘पाजवतो’, विळा ‘पाजवून’ आणतो, तो शब्द याच पाजण्यातून आला असं माझं ठाम मत आहे. आज पाजवणं म्हणजे फक्त धार लावणं झालं. पण घिसाड्याकडे गेलात तर दोन्ही अर्थ अजून एकाच कामात दिसतात.

आठवडे बाजाराच्या कडेला त्यांचा भाता लागलेला असतो. झिजलेलं खुरपं कोळशात घालतात. लाल झालं की सांडशीनं ऐरणीवर धरतात. पुरुष पातं फिरवतो आणि बहुतेक वेळा घण त्याची बायको मारते. घाव कडेवरच, कड पातळ होईपर्यंत. मग पुन्हा ताव, आणि लाली जरा उतरली की फक्त धारेची कड पाण्यात. पाठ बाहेर राहते, म्हणून ती मऊ राहते आणि वाकली तरी मोडत नाही. पाणी जास्त झालं तर धारेचे तुकडे उडतात, कमी झालं तर धार वळते. शेवटी कानस. कानशीनं एका बाजूनं घासलं की दुसऱ्या कडेला केसासारखी लोखंडाची कोर उभी राहते. ती काढली नाही तर धार आहे असं वाटतं, पण ती पहिल्या गवतालाच वळते. हरणाच्या पात्यावर मेहनत घेणारा शिकारीही ह्याच कोरेशी झगडतो. ट्रकच्या कमानपाट्याचं लोखंड खुरप्याला उत्तम मानतात. कमान हा फारसीत धनुष्याचा शब्द, हे इथं सांगितल्यावाचून राहवत नाही.

ज्या निफाडपासून सुरुवात केली, त्याच तालुक्यात हरणाच्या शिकारीची आठवणही आहे : नांदूर मध्यमेश्वरला मृगव्याधेश्वराचं देऊळ आहे. पंचवटीतून निघालेल्या रामानं सुवर्णमृगाचा वेध इथं घेतला, अशी परंपरा. आज तिथलं पाणथळ पक्ष्यांसाठी राखलेलं आहे. 2020 साली ते महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ झालं. काळवीट बघायचं तर येवल्याकडे ममदापूर-राजापूरच्या राखीव माळावर जावं. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं हरणाची शिकार हा गुन्हा आहे, आणि तो तसाच असावा. क्षुरप्राचं हरणाशी असलेलं नातं तुटलं, त्याचं मला दुःख नाही. पण पात्याची विद्या खुरप्यात शिल्लक आहे, आणि तणनाशकाच्या फवाऱ्यानं आता खुरपंच मागे पडत चाललं आहे.

म्हणून एक विनंती. सिन्नर, निफाड, येवला, कळवण, कुठेही तुमच्या घरी जुनं खुरपं असेल तर भंगारात देण्याआधी ते नीट बघा. धार पुढच्या सरळ कडेला आहे की बाहेरच्या वळणाला? पातं मुठीशी किती वाकवलेलं आहे? गावात त्या जातीच्या खुरप्याला वेगळं नाव आहे का? एवढं लिहून, फोटो काढून ठेवा. पुढची कड सरळ आणि रुंद असलेली खुरपी जितकी जास्त मिळतील, तितका माझा पक्ष बळकट होईल. सगळी चंद्रकोरीसारखी वाकडी निघाली, तर खुराचा पक्ष जिंकला असं मी मान्य करीन.