लोह मिळाले, सिलिका नव्हती : लोहाफेक्स, २००९

दक्षिण महासागरात नायट्रेट भरपूर असूनही सूक्ष्मशैवाले विरळ का? अमेरिकन समुद्रशास्त्रज्ञ जॉन मार्टिन यांचे उत्तर होते : लोहाची टंचाई. १९९३ मध्ये ते वारले. त्याच वर्षी गॅलापागोस बेटांजवळ समुद्रात लोह मिसळले, तेव्हा क्लोरोफिल वाढले. मग आशा बळावली, की शैवाले हवेतला कार्बन शोषून खोल समुद्रात नेतील.

२००९ मध्ये गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि जर्मनीची आल्फ्रेड वेगेनर संस्था यांनी ‘पोलारस्टर्न’ जहाजावरून हे दक्षिण महासागरात पडताळले. (प्रयोगाच्या नावातला ‘लोहा’ हिंदीतला.) पर्यावरणवाद्यांच्या विरोधामुळे जर्मन सरकारने काम काही काळ रोखलेही होते. अखेर सुमारे ३०० चौरस किलोमीटर पाण्यात लोहाचा क्षार सोडला गेला. शैवाले वाढली, पण डायटम नव्हेत. डायटमचे कवच सिलिकाचे असते आणि तिथली सिलिका आधीच्या बहरांत संपली होती. वाढली ती कवच नसलेली बारीक शैवाले. कोपेपॉड या चिमुकल्या प्राण्यांनी ती फस्त केली. याला कोणी अपयश म्हणतात, मला ते पटत नाही : लोहामागे दडलेली दुसरी टंचाई इथेच उघडी पडली. खोल समुद्रात मात्र कार्बन फारच थोडा पोहोचला.