रूप की उपयोग? गाडीच्या निवडीचा छोटा इतिहास

आंधळगावात गाडी घेणं ही एकट्या माणसाची बाब नसते. भाऊ, साळे, शेजारी, पानठेल्यावरचे मित्र, सगळ्यांचं मत त्यात येतं. मी उर्दू आणि मराठी शिकवणारा माणूस, गाड्यांचा जाणकार मुळीच नाही. तरी शाळेत येणारे पालक मुलाच्या मार्कांची चौकशी झाली की हल्ली हाच विषय काढतात. "सर, दिसायला चांगली घ्यावी की कामाची?" विचारणाऱ्यांत कोशाचं कापड विणणारे आहेत, धानाचे शेतकरी आहेत. आणि एक बाप असाही आहे की ज्याच्या मुलीच्या होणाऱ्या सासरच्यांनी अमुकच गाडी हवी म्हणून निरोप पाठवला आहे. त्याच्यासाठी हा गप्पांचा विषय नाही. दीड एकर शेत राहणार की जाणार, हे त्यावर ठरणार आहे.

म्हणून या प्रश्नाचा इतिहास थोडा नीट पाहावा असं वाटलं. माणसं आधी काय निवडत होती? रूप जिंकलं की उपयोग?

बंडी, दमणी आणि पटाची जोडी

मोटार येण्याआधीही आपल्या भागात हा प्रश्न होताच. शेतकऱ्याच्या घरी बंडी असे. धान, तणस, शेणखत, लाकडं, सगळं तिच्यातून जाई. ती दणकट असली की झालं, तिच्या रूपाकडे कोण पाहतो? पण पाहुणे आणायचे, लेकीला माहेरी आणायचं किंवा वरात न्यायची म्हटलं की ऐपतदार घरून दमणी निघे. हलकी, छपराची, आत गादी, बैलांच्या गळ्यात घुंगरमाळा. आमच्याकडच्या म्हाताऱ्या बायका अजून सांगतात, की दमणीला पडदा लावून त्या माहेरी जात आणि बैलांच्या घुंगरांवरूनच गावाला कळे, की कुणाची लेक आली.

शंकरपटाची गोष्ट आणखी वेगळी. पटाच्या जोडीला कुणी नांगराला जुंपत नाही. तिला खुराक जास्त, काम काही नाही. हिशेबाने पाहिलं तर हा निव्वळ तोटा. पण पट जिंकणाऱ्या जोडीच्या मालकाला पंचक्रोशीत जो मान मिळतो, त्याची किंमत तो वेगळ्या वहीत लिहितो.

म्हणजे आपले पूर्वज दोन्ही गोष्टी ओळखून होते. फरक इतकाच, की ज्याला परवडे तो बंडी आणि दमणी वेगवेगळी ठेवी, आणि ज्याला परवडत नसे तो बंडीलाच धुऊन, वर सतरंजी अंथरून वरातीला नेई. आज बहुतेक घरांची अवस्था या दुसऱ्या माणसासारखी आहे. एकच गाडी घ्यायची, आणि तिनेच बंडीचंही काम करायचं, दमणीचंही.

काळी फोर्ड आणि रंगीत शेव्हरले

मोटारीच्या जगात हा वाद पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर झाला तो अमेरिकेत. १९०८ मध्ये हेन्री फोर्डने 'मॉडेल टी' ही गाडी आणली. उंच, दणकट, खेड्यातल्या कच्च्या रस्त्यावर चालणारी आणि शेतकऱ्याला स्वतः दुरुस्त करता येईल अशी. सुरुवातीला तिची किंमत सुमारे ८५० डॉलर होती. उत्पादन वाढत गेलं तशी ती तीनशे डॉलरच्याही खाली आली. १९१४ ते १९२५ या काळात ही गाडी फक्त काळ्या रंगात मिळत असे. एकच रंग ठेवला की काम सोपं आणि खर्च कमी, हा त्यामागचा हिशेब. सुमारे दीड कोटी गाड्या विकल्या गेल्या. उपयोगाचा इतका मोठा विजय त्याआधी कुणी पाहिला नव्हता.

पण १९२० च्या दशकात ग्राहक बदलला. पहिली गाडी घेऊन झालेली माणसं दुसरी घ्यायला निघाली. जनरल मोटर्सच्या आल्फ्रेड स्लोनने हे ओळखलं. त्याने निरनिराळ्या ऐपतीच्या लोकांसाठी निरनिराळ्या गाड्या ठेवल्या, रंग दिले, आणि पुढे दरवर्षी गाडीचं रूप थोडं बदलायची पद्धत रुळवली. १९२७ मध्ये त्याच्या कंपनीने हार्ली अर्ल या माणसाच्या हाताखाली केवळ रूप आणि रंग यांसाठी वेगळा विभाग उघडला. त्याच वर्षी फोर्डला मॉडेल टी बंद करावी लागली.

यावरून काही जण लगेच म्हणतात, की शेवटी रूपच जिंकलं. मला तसं वाटत नाही. मॉडेल टीने गाडी घरोघर पोहोचवली, तेव्हा कुठे लोकांना रंग निवडायची उसंत मिळाली. पोट भरलेलं असेल तरच माणूस पंगतीतल्या रांगोळीकडे पाहतो. पण पोट भरल्यावरही त्याला पत्रावळ उघड्या जमिनीवर मांडून दिली, तर तो दुसऱ्यांदा त्या पंगतीला येत नाही, हेही तितकंच खरं.

जीप : कामातून आलेलं रूप

या वादाला तिसरं उत्तर देणारी गाडी म्हणजे जीप. १९४० मध्ये अमेरिकी सैन्याला हलकी, चारही चाकांना ताकद देणारी गाडी हवी होती. बँटम या छोट्या कंपनीने पहिला नमुना केला. पुढे विलिस आणि फोर्ड यांनी मिळून सहा लाखांहून जास्त गाड्या बनवल्या. तिच्या घडणीत शोभेचा विचार नव्हता. बॉनेट सपाट, कारण त्यावर नकाशा पसरता येतो. पुढची जाळी आधी पट्ट्या जोडून करत. फोर्डने ती पत्र्याच्या एकाच तुकड्यातून उभ्या फटी पाडून काढली, कारण ती हलकी आणि स्वस्त पडे.

आता गंमत पाहा. खर्च वाचवण्यासाठी पाडलेल्या त्याच फटी पुढे जीपचा चेहरा झाल्या. आज ती कंपनी आपल्या सात फटींच्या जाळीला ओळखचिन्ह म्हणून जपते. १९५१ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने सुंदर मोटारींचं एक प्रदर्शन भरवलं. आठच गाड्या निवडल्या होत्या. त्यात बेंटली होती, मर्सिडीज होती, आणि त्यांच्या रांगेत ही लष्करी जीपही होती.

ही जीप भारतात आली त्या गोष्टीचा एक धागा आपल्या वाचकांना ठाऊक असावा. १९४५ मध्ये जगदीशचंद्र आणि कैलाशचंद्र महिंद्रा या भावांनी मलिक गुलाम मुहंमद यांच्या भागीदारीत कंपनी काढली. तिचं नाव 'महिंद्रा अँड मोहंमद'. गुलाम मुहंमद लाहोरचे, अलीगढमध्ये शिकलेले, हिशेबात पक्के. फाळणी झाली आणि ते पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले, १९५१ मध्ये गव्हर्नर जनरलही. इकडे १९४८ मध्ये कंपनीचं नाव 'महिंद्रा अँड महिंद्रा' झालं. त्याच सुमारास मुंबईच्या माझगावात विलिसच्या जीप जुळवायला सुरुवात झाली. कंपनीच्या पाटीवरचं एक नाव फाळणीत गेलं. गाडी मात्र राहिली, आणि चाळीस-पन्नास वर्षं आपल्या खेड्यांत सरकार म्हणजे जीप, निवडणूक म्हणजे जीप, असं समीकरण झालं.

तिचीच पुढची भावंडं विदर्भात काळीपिवळी म्हणून धावली. मुंबईकराला काळीपिवळी म्हटलं की प्रीमियर पद्मिनी टॅक्सी आठवते. आपल्याकडे या शब्दाचा अर्थ वेगळा. नऊची जागा, पंधरा माणसं, वर कोंबड्यांचा डालगा, मागे लटकलेली पोरं. त्या गाडीला कुणी सुंदर म्हटलं नाही. पण रात्री-बेरात्री बाळंतिणीला दवाखान्यात नेणारी तीच, आणि वरातीतही तीच. २००० मध्ये आलेल्या बोलेरोचा चौकोनी, ओबडधोबड साचा याच घराण्यातला. शहरी माणसाने नाक मुरडलं, तरी खेड्यात ती अनेक वर्षं रुबाबाची गाडी मानली गेली. त्या रुबाबामागे आधीच्या पन्नास वर्षांचं काम होतं.

निवड नसण्याची वर्षं

स्वातंत्र्यानंतरची तीन दशकं आपल्याकडे हा प्रश्न विचारण्याची सोयच नव्हती. परवाना पद्धतीत घरच्या गाड्या जेमतेम दोन-तीन. उत्तरपाड्याची अँबेसिडर, आणि वालचंद हिराचंद यांनी उभारलेल्या प्रीमियर कंपनीची, कुर्ल्यात बनणारी फियाट, जी पुढे पद्मिनी झाली. नोंदणी करून वर्षानुवर्षं वाट पाहायची आणि येईल त्या गाडीला हार घालायचा. १४ डिसेंबर १९८३ ला मारुती ८०० ची पहिली किल्ली दिली गेली आणि मध्यमवर्गाला पहिल्यांदा वाटलं, की आपल्यालाही निवडता येतं. ती छोटी होती, पण कमी तेल प्यायची, रस्त्यात बंद पडत नव्हती, आणि शेजारी उभी असली तर दिसायलाही नवी वाटायची.

नॅनोचा धडा

आणि मग नॅनो. या सगळ्या इतिहासात मला सर्वांत जास्त विचार करायला लावणारी गाडी हीच.

पावसात स्कूटरवर चौघांचं कुटुंब जाताना पाहून ही कल्पना सुचली, असं रतन टाटा सांगत. हेतू नेक होता यात शंका नाही. १० जानेवारी २००८ ला दिल्लीत एक लाखाची गाडी लोकांसमोर आली. २००९ मध्ये विक्रीला आली तेव्हा दोन लाखांवर लोकांनी नोंदणी केली. आत चार माणसं ऐसपैस बसत. शहरातल्या गल्लीत वळवायला सोपी. उपयोगाच्या कसोटीवर ती चांगलीच होती.

तरीही ती चालली नाही. एका वर्षात एक लाख गाड्याही कधी विकल्या गेल्या नाहीत. जून २०१८ मध्ये तर महिन्याला एकच गाडी बनली. कारणं अनेक होती. सिंगूरमधून कारखाना साणंदला हलवावा लागला, काही गाड्यांना आगी लागल्या. पण मुख्य कारण पुढे खुद्द टाटांनीच बोलून दाखवलं. 'सर्वांत स्वस्त गाडी' हा शिक्का तिला बसला तो महागात पडला.

चाकाला तीनच नट, एकच वायपर, मागचं दार न उघडणारं. पैसा वाचवल्याच्या खुणा गाडीच्या अंगावर दिसत होत्या. जीपच्याही अंगावर त्या होत्या. मग फरक कुठे पडला? जीपची प्रत्येक खूण सांगत होती, 'मी या कामासाठी अशी आहे.' नॅनोची खूण सांगत होती, 'माझ्या मालकाकडे एवढेच पैसे होते.' फ्रान्समध्ये सित्रोएनने १९४८ मध्ये शेतकऱ्यांसाठी अशीच साधी गाडी आणली होती. नांगरलेल्या शेतातून नेली तरी टोपलीतली अंडी फुटू नयेत, ही तिची अट. लोक तिच्या रूपाला हसले, तरी ती १९९० पर्यंत बनत राहिली. शेतकऱ्याला तिच्यात आपलं शेत दिसलं, आपली गरिबी नाही.

गरीब माणूस रूपाचा भुकेला असतो असं शिकलेले लोक थोड्या तुच्छतेने म्हणतात. मला वाटतं, तो इज्जतीचा भुकेला असतो. ज्याला कचेरीत, दवाखान्यात, सोयऱ्यांच्या दारात आधी कपड्यांवरून ओळखलं जातं, त्याला गाडीच्या रूपाचा उपयोग असतोच. आणि हा उपयोग तो मनातल्या मनात मोजतो, तोंडाने बोलत नाही.

मग घ्यावी कोणती?

कुरआनच्या सूरह नहलमध्ये जनावरांचा उल्लेख येतो तिथे ओझी वाहण्याचा उपयोग सांगितला आहे, आणि कळप सकाळी बाहेर नेताना, संध्याकाळी घरी आणताना दिसणारं सौंदर्यही सांगितलं आहे. घोडे, खेचरं, गाढवं ही सवारीसाठी आणि झीनत, म्हणजे शोभा, म्हणूनही. दोन्ही देणग्याच. पण क्रम लक्षात घ्यावा. घोड्यांच्या उल्लेखात सवारी आधी आहे, झीनत नंतर.

आमच्या गावच्या विणकराला हे वेगळं शिकवावं लागत नाही. करवतीच्या साडीत अंग कोशाचं, वर्षानुवर्षं टिकणारं. रंगाची हौस काठाला. काठावाचून साडी उठत नाही, हे त्याला माहीत असतं. पण नुसत्या काठाची साडी होत नाही, हेही माहीत असतं.

म्हणून विचारणाऱ्या पालकांना मी एवढंच म्हणतो. आधी पुढच्या दहा वर्षांचं काम लिहून काढा. पावसाळ्यात शेताच्या रस्त्याला खाली घासणार नाही ना, अम्मीला बसता-उतरता येईल ना, दुरुस्तीचा मिस्त्री जवळ आहे ना, आणि पीक बुडालं त्या वर्षी हप्ता कुठून भरणार. या यादीत बसतील त्या दोन-तीन गाड्यांतून जी मनाला भावते ती खुशाल घ्या, आवडीच्या रंगात घ्या. त्यात संकोच कसला?

आणि त्या मुलीच्या बापाला मी जरा वेगळं सांगितलं. निकाहात मेहर मुलाने मुलीला द्यायची असते. मुलीच्या बापाने गाडी द्यावी असं कुठेही लिहिलेलं नाही. मागितलेल्या गाडीत कोण बसणार, कुठे जाणार, तेलाला पैसे कोण घालणार, यातलं काहीच त्या निरोपात नव्हतं. फक्त गाडीचं नाव होतं आणि रंग होता. अशी गाडी सोयऱ्यांच्या दारात चार दिवस चमकते आणि बापाच्या शेतावर पिढीभर सावली पाडते. दीड एकरातलं धान दरवर्षी येतं, भाऊ. ते विकून घेतलेल्या गाडीची किंमत मात्र दुसऱ्या दिवसापासून उतरते.

तो काही बोलला नाही. शेताचा सातबारा त्याने पिशवीत घडी करून आणला होता. तो तसाच घेऊन तो घरी गेला. निरोपाचं उत्तर अजून जायचं आहे.