आपल्या चेंबूरची हवा

स्मरणिका समितीने मला सोसायटीचा इतिहास लिहायला सांगितलं. पण नोंदणी, पहिली कमिटी, पाण्याची टाकी, लिफ्टचं भांडण हे सगळं सचिवांच्या लेखात येणारच आहे. म्हणून मी आपल्या हवेचा इतिहास लिहितो. २००० साली इथे फ्लॅट घेतला तेव्हा नातेवाइकांनी आपल्या सगळ्यांनाच एक प्रश्न विचारला होता, "अहो, चेंबूरला? तिथे तर गॅस असतो ना?"

तो प्रश्न उगाच नव्हता. १९५४ आणि १९५५ साली माहूलला दोन तेलशुद्धीकरण कारखाने सुरू झाले. मागोमाग तुर्भ्याचं औष्णिक वीज केंद्र आलं, १९६५ मध्ये खत कारखाना आला. खाडीत तेलाची जहाजं लागत होती, आणि तेव्हाचं शहर इथून लांब होतं. पुढे शहरच इथवर आलं. सत्तर-ऐंशीच्या दशकात लोक चेंबूरला 'गॅस चेंबर' म्हणू लागले. हवा प्रदूषणाचा कायदा झाला तो १९८१ साली.

पण एवढ्या धुराड्यांशेजारी माणसं राहू शकली, ती वाऱ्यामुळे. शाळेत आपण खारे वारे आणि मतलई वारे शिकलो. दुपारी जमीन तापते, हवा वर जाते आणि समुद्रावरून खारा वारा आत येतो. मुंबई तर समुद्रात शिरलेली चिंचोळी पट्टी, त्यामुळे दिवसा धूर खाडीकडे ढकलला जातो. पावसाळ्यात नैर्ऋत्येचा वारा जोरात असतो आणि पाऊस धूळ धुऊन काढतो. जुलैत आपल्या गच्चीवरून लांबचं कसं स्वच्छ दिसतं, ते सर्वांनी पाहिलंय.

ऑक्टोबरमध्ये पाऊस गेला की चित्र बदलतं. वारा मंदावतो. थंडीच्या रात्री जमीन लवकर निवते, तिच्यालगतची हवा थंड आणि जड होते, वर मात्र उबदार हवेचा थर राहतो. भूगोलात याला तापमानाची विपरीतता म्हणतात. पातेल्यावर झाकण ठेवल्यासारखं होतं. धूर वर जातच नाही. त्यात रात्रीचा मतलई वारा जमिनीकडून, म्हणजे पूर्वेकडून, हळूहळू येतो. पूर्वेला देवनारचं डम्पिंग ग्राऊंड.

हे मला कसं कळलं ते सांगतो. सुरुवातीच्या वर्षांत मी खजिनदार होतो. जानेवारी-फेब्रुवारीत आवारात पाचोळ्याचा ढीग पडायचा. तो उचलून न्यायचे पैसे वाचवावेत म्हणून जाळायचं ठरलं. वाळत घातलेल्या कपड्यांना वास लागू नये, म्हणून सकाळी सहाची वेळ मीच दिली. झाकण सगळ्यात घट्ट असतं ती नेमकी हीच वेळ!

बी विंगच्या पहिल्या मजल्यावरच्या आजींना दमा होता. त्यांनी एकदा जिन्यात मला थांबवून सांगितलं, "भाऊ, तुमचा धूर वर जात नाही हो, माझ्या खोलीत येतो." मी म्हणालो, "आजी, दहा मिनिटांचा तर प्रश्न आहे." पुढच्याच आठवड्यात त्यांना दवाखान्यात न्यावं लागलं. आठ दिवसांनी परत आल्या. मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. त्या महिन्यात आपण मागच्या बाजूला खतासाठी खड्डा खणला, तो आजही आहे. आजी आज नाहीत. त्यांची माफी मागायची राहून गेली, ती इथे मागतो.

जानेवारी २०१६ च्या अखेरीस देवनारला आग लागली तेव्हा तोच धडा मोठ्या अक्षरांत गिरवला गेला. तो धूर उपग्रहाच्या छायाचित्रांतही दिसला. आसपासच्या पालिका शाळा बंद ठेवाव्या लागल्या. आपण खिडक्यांना ओले टॉवेल लावून बसलो होतो, आठवतंय ना?

आता धुराड्यांपेक्षा धूळ जास्त छळते. चहूकडे पुनर्विकास, रस्त्यांची खोदकामं, वाहनं. २०२२-२३ च्या हिवाळ्यात मुंबईची हवा फार बिघडली. वारे मंद राहिले होते, आणि शास्त्रज्ञांनी त्याचा संबंध 'ला निना'शी जोडला. पुढच्या ऑक्टोबरमध्ये महापालिकेने बांधकामांसाठी पत्रे, ओली हिरवी कापडं, पाणी फवारणी असे नियम काढले.

वारा आपल्या हातात नाही, पण ऑक्टोबर ते फेब्रुवारी आपण हवेत काय सोडतो ते हातात आहे. उद्या आपल्याही इमारतीचा पुनर्विकास होईल. तेव्हा कार्पेट एरियाबरोबर धुळीचंही कलम करारात घाला, एवढी तरुण सभासदांना विनंती. आणि पहाटे फिरायला जाणाऱ्यांनो, थंडीत जरा ऊन वर आल्यावर निघा.

रौप्यमहोत्सवाच्या सर्वांना शुभेच्छा!