स्वतः छापलेलं पुस्तक विकायचं कसं? फुल्यांपासून आपल्या रहाटणीपर्यंत

पोस्ट थोडी मोठी आहे. पण विषय आपल्याच भागाचा आहे, तेव्हा सवडीने वाचा.

रहाटणी, काळेवाडी, थेरगाव, पिंपळे सौदागर या पट्ट्यात लिहिणारी माणसं किती आहेत, याचा अंदाज बाहेरच्या माणसाला येत नाही. दिवसा चाकणला नाहीतर भोसरीला शिफ्ट आणि रात्री वहीत कविता. कुणी गावाकडच्या आठवणी लिहितो, कुणी युनियनच्या लढ्याचा इतिहास. मोठा प्रकाशक दारात उभा करत नाही, म्हणून मग पीएफमधून किंवा दिवाळी बोनसमधून पैसे काढून पुस्तक स्वतःच छापायचं. प्रकाशन समारंभ होतो, शाल-श्रीफळ होतं, पाहुण्यांची भाषणं होतात. निम्म्या प्रती भेट म्हणून जातात आणि उरलेले गठ्ठे पलंगाखाली. वर्षभराने त्याच माणसाच्या तोंडून ऐकायला मिळतं, "मराठी माणूस पुस्तक विकत घेतच नाही हो." आणि तो जर पिशवीत पुस्तकं घेऊन विकायला निघालाच, तर लोक म्हणणार, "स्वतःचं पुस्तक स्वतःच विकतोय, लाज नाही वाटत?"

या दोन्ही वाक्यांना इतिहासाचा आधार नाही. उलट मराठीत ज्यांना खरोखर काही नवं सांगायचं होतं, त्यांतल्या बऱ्याच जणांना पुस्तक स्वतःच काढावं लागलं आणि स्वतःच लोकांपर्यंत न्यावं लागलं. त्यातले काही जिंकले, काही हरले. का जिंकले आणि का हरले, एवढंच आज बघू.

सुरुवात आपल्या शेजारूनच करू. देहू आपल्यापासून किती लांब? तुकोबांना प्रकाशक नव्हता आणि छापखानाही नव्हता. कीर्तनात अभंग म्हणायचे, लोकांनी पाठ करायचे आणि टाळकऱ्यांपैकी कुणीतरी उतरवून ठेवायचे. चाकणच्या संताजी जगनाड्यांचं नाव त्यात आजही आदराने घेतलं जातं. म्हणजे पुस्तक नंतर झालं, ऐकणारे आधी होते. पुढे 1860 च्या दशकाच्या अखेरीस मुंबई सरकारने गाथा छापायला 24 हजार रुपये दिले. त्या काळात ही रक्कम प्रचंड होती. पण तेव्हा अभंग गावोगाव तोंडपाठ होऊन दोनशे वर्षं उलटली होती.

हे सरकारी पैसे सगळ्यांच्या वाट्याला येत नव्हते. त्या काळी चांगल्या मराठी पुस्तकांना बक्षीस द्यायला दक्षिणा प्राइज कमिटी होती. जोतीराव फुल्यांनी 1855 मध्ये ‘तृतीय रत्न’ हे नाटक तिच्याकडे पाठवलं आणि कमिटीने ते नाकारलं. आजच्या भाषेत सांगायचं तर अनुदानाचा अर्ज फेटाळला गेला. फुले त्यावर रडत बसले नाहीत. पुढे ‘शिवाजीराजांचा पवाडा’ आणि ‘ब्राह्मणांचे कसब’ 1869 मध्ये, तर ‘गुलामगिरी’ 1873 मध्ये आली. त्याच 1873 च्या सप्टेंबरात सत्यशोधक समाज उभा राहिला. पुस्तक आणि ते वाचणारी, वाचून दाखवणारी माणसं बरोबरीने तयार झाली.

पण मला सगळ्यात जास्त शिकवणारी गोष्ट वाटते ती ‘शेतकऱ्याचा असूड’ची. हे पुस्तक 1883 मध्ये पूर्ण झालं. ते लिहीत असताना फुले ते लोकांना वाचून दाखवत होते. मुंबई, पुणे, ठाणे, जुन्नर, ओतूर, हडपसर, वंगणी, अशी गावांची नावं त्यांनी स्वतःच पुस्तकाच्या उपोद्घातात दिली आहेत. जुन्नर-ओतूर म्हणजे आपण नाशिक फाट्यावरून चाकणमार्गे जातो तोच भाग. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनीही ते वाचून घेऊन ऐकलं आणि पैशांची मदत केली. ज्या शेतकऱ्याबद्दल लिहिलं त्याला वाचता येत नाही, हे फुल्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून त्यांनी पुस्तक दुकानात ठेवण्याची वाट पाहिली नाही, ते थेट त्याच्या कानावर नेलं.

आणि छापण्याचं काय झालं? पहिले दोन भाग ‘दीनबंधू’त आले. पुढचे छापायची हिंमत संपादकाला झाली नाही. अख्खा ‘असूड’ फुल्यांच्या हयातीत छापून आलाच नाही. तरीही पुस्तक मेलं नाही, कारण ते ऐकलेली माणसं होती.

आता उलट बाजू बघा. ताराबाई शिंदे यांचं ‘स्त्रीपुरुषतुलना’ 1882 मध्ये पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात छापलं गेलं. 500 प्रती, किंमत नऊ आणे. हे आकडे असे हाताशी असतात, कारण 1867 च्या कायद्याने छापलेल्या पुस्तकाची नोंद सरकारदरबारी करावी लागायची आणि त्यात प्रती आणि किंमतसुद्धा लिहावी लागायची. पुस्तक इतकं जळजळीत होतं, की आज वाचतानाही चटका बसतो. फुल्यांनी ‘सत्सार’मध्ये ताराबाईंची बाजू घेतली. पण एवढ्या पाठिंब्यावर पुस्तक चाललं नाही. ते घेऊन गावोगाव जाणारं कुणी नव्हतं, आणि त्या काळात बुलढाण्याच्या एका बाईने स्वतः फिरून विकावं हे शक्यही नव्हतं. पुस्तक विस्मृतीत गेलं. स. गं. मालशे यांनी 1975 मध्ये ते पुन्हा छापलं तेव्हा महाराष्ट्राला कळलं, की आपल्याकडे असं काही लिहिलं गेलं होतं. जवळजवळ एक शतक फुकट गेलं. पलंगाखालच्या गठ्ठ्यांची खरी किंमत ही असते, छपाईचे पैसे बुडणं त्यापुढे काहीच नाही.

त्याच 1882 मध्ये पंडिता रमाबाईंचं ‘स्त्रीधर्मनीति’ आलं. त्याच्या विक्रीतून आलेले पैसे त्यांच्या इंग्लंडच्या प्रवासाला कामी आले. 1886 मध्ये त्या अमेरिकेत गेल्या, आनंदीबाई जोशींचा पदवीदान समारंभ पाहायला. तिथे त्यांनी गावोगाव व्याख्यानं दिली आणि हिंदुस्थानातल्या विधवांसाठी शाळा काढायची योजना लोकांपुढे ठेवली. 1887 मध्ये फिलाडेल्फियात त्यांनी उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरचं इंग्रजी पुस्तक स्वतःच छापलं. प्रस्तावना लिहिली आनंदीबाईंच्या कॉलेजच्या डीन रेचेल बॉडली यांनी. तिथल्या महिला संघटनांनी पुस्तक हातोहात पुढे नेलं. वर्षभरात नऊ हजारांच्या आसपास प्रती खपल्या, त्याच वर्षाअखेरीस बोस्टनमध्ये मदतीसाठी रमाबाई असोसिएशन उभी राहिली आणि 11 मार्च 1889 ला मुंबईत शारदा सदन सुरू झालं.

यात मार्केटिंगचे सगळे धडे आहेत. व्याख्यान आधी, पुस्तक मागाहून. ज्याच्या शब्दाला वजन आहे अशा माणसाची प्रस्तावना. ओळखीच्या मंडळांमार्फत विक्री. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे, प्रत घेणाऱ्याला माहीत होतं की या पैशांतून शाळा उभी राहणार आहे.

यानंतर एक हिशेबी माणूस. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर अमेरिकेतून पीएच. डी. करून आले आणि मराठीत ज्ञानकोश काढायचं त्यांच्या मनाने घेतलं. इतकं मोठं काम कोण छापणार? त्यांनी 1916 च्या सुमारास चक्क लिमिटेड कंपनी काढली, भागभांडवल उभारलं आणि गावोगाव वर्गणीदार जमवले. म्हणजे गिऱ्हाईक आधी, पुस्तक नंतर. असे 23 खंड पूर्ण झाले. कर्ज, कटकटी, टीका, सगळं सोसून झाल्यावर त्यांनी 1927 मध्ये ‘माझे बारा वर्षांचे काम’ या नावाने त्याचा हिशेबच लोकांपुढे मांडला. पुस्तक काढू पाहणाऱ्या प्रत्येकाने ते एकदा तरी चाळावं.

"पण आमच्या कविता आहेत हो, ज्ञानकोश नाही," असं म्हणणाऱ्यांसाठी रविकिरण मंडळ. 1923 मध्ये पुण्यात माधव ज्यूलियन, यशवंत, गिरीश, श्रीधर आणि मनोरमाबाई रानडे, वि. द. घाटे वगैरे मंडळी दर रविवारी चहाला जमू लागली. एकमेकांच्या कविता ऐकायच्या, सुधारायच्या आणि पुस्तकं मंडळाच्याच नावाने काढायची. मग हे कवी सभा-संमेलनांत जाऊन आपल्या कविता चालीवर म्हणू लागले. लोकांना सवय नव्हती, पण गोडी लागली. अत्र्यांनी ‘झेंडूची फुले’मधून त्यांची यथेच्छ टिंगल केली. तरी कविता घराघरांत गेलीच, कारण ऐकलेली कविता माणसाला परत वाचावीशी वाटते.

पुढची उदाहरणं तुमच्या आठवणीतली आहेत. ‘ग्रंथाली’ 1974 मध्ये वाचकांची चळवळ म्हणूनच सुरू झाली. सभासद आधी जोडायचे आणि पुस्तक सवलतीत द्यायचं. ‘बलुतं’ आणि ‘उपरा’ अशी पुस्तकं या वाटेने वाचकांपर्यंत आली. आणि सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर काय दिसतं? पुस्तकांच्या स्टॉलमागे स्टॉल. त्यात स्वतःची पुस्तिका स्वतः छापून सतरंजीवर मांडलेले लेखकही असतात. लांबून रेल्वेने आलेला मजूर जाताना पिशवीत पुस्तक घेऊन जातो. मराठी माणूस पुस्तक घेत नाही, हे वाक्य तिथे जाऊन म्हणून दाखवा!

आपल्या पिंपरीतही जानेवारी 2016 मध्ये 89 वं साहित्य संमेलन झालं. एचएच्या मैदानावरच्या ग्रंथदालनात फिरताना धक्के खावे लागत होते. म्हणजे वाचक इथेही आहे. त्याच्यापर्यंत आपण कसे जातो, हा प्रश्न आहे.

आता थोडा आजचा हिशेब. समजा 300 प्रती छापायला 45 हजार रुपये लागले, म्हणजे प्रत पडली 150 ला. छापील किंमत ठेवली 250. दुकानदाराचं कमिशन 40 टक्के धरलं तर लेखकाच्या हातात येतात 150. म्हणजे सगळ्या प्रती खपल्या तरी नफा शून्य. तीच पुस्तकं स्वतः पूर्ण किमतीला विकली तर 180 प्रतींत छपाईचे पैसे सुटतात. स्वतः विकणं ही लाजेची गोष्ट राहत नाही, छोट्या लेखकाला पैसे परत मिळायचा तोच सरळ रस्ता आहे.

म्हणून इतिहासातून उचललेल्या चार गोष्टी सांगतो.

एक, छापण्याआधी वाचून दाखवा. सोसायटीच्या हॉलमध्ये, कंपनीच्या कॅन्टीनमध्ये, गणपतीच्या मंडपात, हरिनाम सप्ताहात. लोक कुठे हसतात, कुठे गप्प होतात, कुठे उठून जातात, ते बघा. फुल्यांनी हेच केलं.

दोन, नावं आधी नोंदवून घ्या. शंभर लोकांनी छपाईआधी पैसे दिले, तरच तीनशे छापा. नाही दिले तर शंभरच छापा. आता डिजिटल छपाईत थोड्या प्रतीही निघतात.

तीन, फुकट वाटणं बंद. प्रकाशनाला आलेल्या पाहुण्यानेही प्रत विकत घ्यावी. फुकट मिळालेलं पुस्तक बहुतेक वेळा कपाटात जातं, विकत घेतलेलं निदान उघडलं तरी जातं.

चार, कागदपत्रं पूर्ण करा. आयएसबीएन क्रमांक आपल्या देशात मोफत मिळतो, त्यासाठी कुणाला हजारो रुपये देऊ नका. 1954 च्या कायद्याप्रमाणे कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय आणि मुंबईच्या एशियाटिक सोसायटीसह ठरलेल्या ग्रंथालयांना प्रत पाठवायची असते, ती पाठवा. राज्याचं ग्रंथालय संचालनालय शासनमान्य ग्रंथांची यादी काढतं, त्यासाठी पुस्तक द्या. ताराबाईंचं पुस्तक कुणाला तरी पुन्हा सापडलं, कारण एखादी प्रत कुठेतरी जपली गेली होती.

हे झालं लेखकाचं काम. पण सगळं त्याच्यावर ढकलून चालणार नाही. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा 1967 पासून आहे. आपली महापालिकाही वाचनालयं आणि अभ्यासिका चालवते. अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेच्या गाइडांना जागा आहे, ती असायलाच हवी. पण त्याच खोलीत एक कपाट या शहरातल्या लेखकांचं का नसावं? शहरातल्या माणसाने छापलेल्या प्रत्येक पुस्तकाच्या दोन प्रती वाचनालयाने विकत घ्याव्यात, फुकट मागू नयेत. एखाद्या चौकाच्या सुशोभीकरणाच्या खर्चापुढे ही रक्कम कितीशी? निवडणुकीत मत मागायला येणाऱ्यांना रस्ता, पाणी, कचरा विचारतोच आपण. त्यात हेही विचारायला हरकत नाही.

आज या कारखान्यांच्या गावात जे लिहिलं जातंय, तो उद्याचा इतिहास आहे. मळे जाऊन टॉवर कसे आले, कंपन्या बंद पडल्यावर घरं कशी चालली, मराठवाड्यातून आणि विदर्भातून आलेली माणसं इथे कशी रुजली, हे सरकारी फायलीत सापडणार नाही. ते आपल्या शेजाऱ्याने बोनसच्या पैशातून छापलेल्या पुस्तकात सापडेल. तेव्हा पुढच्या वेळी असा कुणी लेखक पिशवी घेऊन दारात आला, तर आधी किंमत विचारा. आणि शक्य असेल तर सवलत न मागता एक प्रत घ्या.