क्रुशेवो

उत्तर मॅसिडोनियातील एक छोटे डोंगरी शहर. समुद्रसपाटीपासूनची उंची सुमारे १,३५० मीटर. पेलागोनियाच्या मैदानाच्या कडेला, प्रिलेपच्या पश्चिमेस असलेले हे शहर देशातील सर्वांत उंचावरचे मानले जाते. २००२ च्या जनगणनेत शहरात ५,३३० लोक होते. त्याच्या शंभर वर्षे आधी याच उतारांवर यापेक्षा कितीतरी जास्त माणसे राहत होती.

क्रुशेवोला शहराचे रूप आले ते दुसऱ्या एका शहराच्या नाशातून. आजच्या अल्बेनियातील मोस्कोपोले हे अठराव्या शतकात व्लाह (अरोमानी) व्यापाऱ्यांचे श्रीमंत केंद्र होते; तिथे छापखाना होता, मोठे विद्यालय होते. १७६९ मध्ये आणि पुन्हा १७८८ मध्ये ते लुटले गेले. परागंदा झालेल्या कुटुंबांपैकी काही या डोंगरात आली. खेचरांचे तांडे हाकणारे, मेंढपाळ, सोनार, व्यापारी असे हे लोक. रोमान्स कुळातील भाषा बोलणाऱ्या या व्लाहांच्या शेजारी स्लाव्ह भाषक वस्ती वाढली, काही ख्रिस्ती अल्बेनियनही आले. उस्मानी साम्राज्यात असूनही शहर जवळजवळ पूर्णपणे ख्रिस्ती होते. मुसलमानांची गावे होती ती आसपास.

वासिल कंचोव या बल्गेरियन अभ्यासकाने १९०० साली प्रसिद्ध केलेल्या आकडेवारीत शहराची लोकसंख्या ९,३५० आहे: ४,९५० बल्गेरियन, ४,००० व्लाह, ४०० ख्रिस्ती अल्बेनियन. हे आकडे जपून वाचावे लागतात. त्या काळी मॅसिडोनियात माणसे मोजणे हे राजकारणच होते. माणूस कोणत्या चर्चचा आणि त्याची मुले कोणत्या शाळेत जातात, यावरून त्याचे राष्ट्र ठरवले जाई. बल्गेरियन चर्चच्या, म्हणजे एक्झार्केटच्या, प्रार्थनेला जाणारा तो बल्गेरियन. ग्रीक पाट्रिआर्कच्या चर्चमधल्या व्लाहाला अथेन्स आपला म्हणे, तर बुखारेस्ट त्याच्यासाठी रुमानियन शाळा चालवी. एकाच घरातले दोन भाऊ दोन राष्ट्रांच्या खात्यात पडू शकत.

क्रुशेवोचे नाव सर्वदूर पोचले ते उस्मानी सत्तेविरुद्धच्या १९०३ च्या इलिन्देन उठावामुळे. २ ऑगस्टला, संत इलियाच्या सणाला, उठाव सुरू झाला; त्या रात्री बंडखोरांनी शहर घेतले आणि तात्पुरते सरकार स्थापले. त्याचा प्रमुख निकोला कारेव हा समाजवादी विचारांचा तरुण शिक्षक होता. ६० जणांच्या परिषदेत शहरातील वेगवेगळ्या समाजांना स्थान मिळाले. बंडखोरांकडे चेरीच्या लाकडाच्या तोफा होत्या. त्यांचा उपयोग धाक घालण्यापुरताच. आसपासच्या मुसलमान गावकऱ्यांना आपला लढा त्यांच्याविरुद्ध नसल्याचे सांगणारा ‘क्रुशेवोचा जाहीरनामा’ पुढे फार गाजला. गंमत अशी, की त्याचा आज परिचित असलेला पाठ निकोला किरोव-मायस्की या स्थानिक लेखकाच्या १९२३ च्या नाटकातून आला आहे.

‘क्रुशेवो प्रजासत्ताक’ म्हणून ओळखले जाणारे हे सरकार सुमारे दहा दिवस टिकले. मग उस्मानी फौज तोफखान्यासह आली. शहराजवळच्या मेचकिन कामेन येथे शेवटपर्यंत लढून मेलेला बंडखोर नायक पितू गुली हा व्लाह होता. लुटालूट आणि जाळपोळीची झळ सर्वाधिक बसली ती सधन व्लाह मोहल्ल्याला. शेकडो घरे-दुकाने गेली, सेंट निकोलसचे चर्चही जळाले. कित्येक कुटुंबांनी पुन्हा घर बांधण्याऐवजी बाहेरची वाट धरली.

१९१२ च्या बाल्कन युद्धात शहर सर्बियाकडे गेले, पहिल्या महायुद्धात बल्गेरियन अमलाखाली आले, नंतर युगोस्लाव्हियात. राज्य बदलले की कागदोपत्री आडनावांची शेपटेही बदलत: कधी -इच, कधी -ओव, १९४४ नंतर -स्की. मॅसिडोनियन प्रजासत्ताकाची पायाभरणी करणारी सभा १९४४ मध्ये मुद्दाम २ ऑगस्टलाच भरवली गेली आणि क्रुशेवो तीर्थस्थान बनले. योर्दान आणि इस्क्रा ग्राबुल यांनी रचलेले, बाहेर फुगवटे असलेले पांढरे गोलाकार ‘मॅकेडोनियम’ स्मारक १९७४ मध्ये उघडले. कारेवचे अवशेष आता तिथेच आहेत. उठावाचा वारसा बल्गेरियाची सोफियाही आपला सांगते आणि मॅसिडोनियाचे स्कोप्येही. या भांडणात व्लाहांचा वाटा मात्र दोन्हीकडे तळटिपेत जातो.

२००२ मध्ये क्रुशेवो नगरपालिका क्षेत्रातील ९,६८४ लोकांपैकी ६,०८१ मॅसिडोनियन, २,०६४ अल्बेनियन आणि १,०२० व्लाह होते. अल्बेनियन वस्ती मुख्यतः खेड्यांत आहे. व्लाह भाषेला येथे अधिकृत दर्जा आहे. एवढ्या लहान समाजाला असा मान क्वचितच मिळतो. २०२१ च्या गणनेत एकूण आकडा साडेआठ हजारांच्याही खाली आला. तरुण कामासाठी बाहेर पडतात. येणारे बहुतेक पाहुणे पॅराग्लायडिंगसाठी येतात, नाहीतर २००७ मध्ये मोटार अपघातात गेलेला लोकप्रिय गायक तोशे प्रोएस्की याच्या समाधीवर. व्लाह कुटुंबातला तोशे याच शहरात वाढला होता.