पाटातले पोहणे

आमच्या पिढीतल्या गोव्यातल्या बहुतेक मुलांना पोहायला कोणी कोच लावून शिकवले नाही. मे महिन्याची सुट्टी, गावची तळी, पाठीला बांधलेले दोन सुके असोले नारळ आणि काठावर बसून ओरडणारे एखादे आजोबा, एवढ्यावर काम भागत असे. आमच्या आजोबांना स्वतःला कितपत पोहता येत होते हा प्रश्न तेव्हा सुचला नाही आणि सुचला असता तरी विचारायची छाती नव्हती. त्यांना पाण्यात उतरलेले मी एकदाही पाहिले नाही. म्हणूनच सोइची साकामोटो या मास्तरांची हकिकत वाचली तेव्हा मला ती अगदी ओळखीची वाटली.

साकामोटो (१९०६-१९९७) हे हवाई बेटांपैकी माउई बेटावरचे शाळामास्तर. पुउनेने नावाच्या गावच्या शाळेत विज्ञान शिकवीत. त्यांना पोहता येत नव्हते म्हटले तरी चालेल. पाण्यावर कसेबसे तरंगण्याइतकी मजल होती. याच माणसाने पुढे अमेरिकेच्या राष्ट्रीय स्पर्धा जिंकणारा संघ उभा केला, तोही उसाच्या मळ्यातल्या पाटात.

पाटाची गोष्ट आधी सांगायला हवी. माउईच्या मधल्या सपाट भागात ऊस पिकवायचा तर पाणी नव्हते. पाऊस पडायचा तो बेटाच्या पूर्वेकडच्या डोंगरांवर. अलेक्झांडर आणि बाल्डविन या दोन मळेवाल्यांनी १८७६ च्या सुमारास डोंगरातून पाणी खाली आणायचे काम सुरू केले आणि हळूहळू साऱ्या उसात पाटांचे जाळे झाले. ऊस आला तसे मजूर आले. १८८५ पासून करारावर जपानी आले. त्याआधी चिनी आणि पोर्तुगीजही आले होते. पोर्तुगीज म्हणजे आपल्याला आठवतात ते गव्हर्नर आणि राजवाडे. तिथले पोर्तुगीज मादैरा आणि अझोर्स बेटांवरून आलेली गरीब माणसे होती आणि त्यांच्याबरोबर आलेल्या छोट्या गिटारीपासूनच तिथले उकुलेले झाले. असो.

या मजुरांची पोरे दिवसभर उन्हात काय करणार? पाटात उड्या मारायची. अंगावर कपडे नसायचे. पाट कंपनीचा, पाणी उसाचे, तेव्हा कंपनीचे पहारेकरी त्यांना हुसकून लावत. साकामोटो यांनी हे पाहिले आणि मळेवाल्यांकडे जाऊन परवानगी मागितली: शाळा सुटल्यावर मी मुलांवर लक्ष ठेवतो, त्यांना पोहू द्या. परवानगी मिळाली. इतिहासात पदकांची नोंद राहते, पण मला या गोष्टीतला सगळ्यात मोठा क्षण हाच वाटतो. मजुरांच्या पोरांसाठी साहेबाच्या दारात उभे राहायचे, आणि तेसुद्धा मास्तरकीची नोकरी सांभाळून! सरकारी नोकरीत वीस वर्षे काढलेल्या माणसाला याची किंमत कळते.

आता शिकवायचे कसे? मास्तरांपाशी पुस्तकी डोके आणि वाहते पाणी होते. त्यांनी मुलांना प्रवाहाच्या उलट पोहायला लावले. उताराच्या पाटात उलटे पोहणारा मुलगा हात मारतो आणि जागच्या जागीच राहतो. अंगात ताकद येते ती तिथे. मग वळून प्रवाहाबरोबर जायचे म्हणजे वेग अंगवळणी पडतो. जोरात पोहणे, थोडी विश्रांती, परत जोरात, असे टप्पे पाडून सराव घेण्याची पद्धत आज सगळीकडे आहे. ती वापरणाऱ्या सुरुवातीच्या कोचांमध्ये साकामोटो यांचे नाव घेतले जाते. पुढे कंपनीने तलावही वापरू दिला, पण घडण पाटातलीच.

१९३६ साली असे ठरले की १९४० चे ऑलिंपिक टोकियोला होणार. १९३७ साली साकामोटो यांनी मुलांना जमवून सांगितले की तीन वर्षे मेहनत करायची आणि ऑलिंपिकला जायचे. क्लबचे नावच 'थ्री-इयर स्विम क्लब'. जपानी मजुरांच्या पोरांनी अमेरिकेच्या संघातून आईबापांच्या देशात पोहायला जायचे! त्या आईबापांना तर अमेरिकेचे नागरिकत्वही मिळू शकत नव्हते. मुले तिथे जन्मली म्हणून नागरिक.

मला इथे मास्तरांचा थोडा रागही येतो. कोवळ्या मुलांना तारीख घालून असे वचन द्यावे का? चीनशी युद्धात गुंतलेल्या जपानने १९३८ मध्ये यजमानपद सोडले. स्पर्धा हेलसिंकीला गेल्या आणि महायुद्धामुळे १९४० मध्ये त्याही रद्द झाल्या. तीन वर्षे भरली आणि जायला ठिकाणच उरले नाही.

मुले मात्र तयार झाली होती. १९३९ साली डेट्रॉइटला अमेरिकेच्या राष्ट्रीय स्पर्धेत या मळ्यातल्या संघाने सांघिक विजेतेपद घेतले, १९४० आणि १९४१ लाही घेतले. फुजिको कात्सुतानी ही मुलगी ब्रेस्टस्ट्रोकमध्ये राष्ट्रीय विजेती झाली. हालो हिरोसे १९३८ मध्येच अमेरिकेच्या संघातून जर्मनीला गेला होता आणि बर्लिनमध्ये विश्वविक्रम करणाऱ्या रिले संघात होता. डिसेंबर १९४१ मध्ये जपानने पर्ल हार्बरवर बाँब टाकले आणि जपानी चेहऱ्याच्या प्रत्येक अमेरिकनाकडे संशयाने पाहिले जाऊ लागले. हाच हिरोसे मग जपानी वंशाच्या सैनिकांच्या ४४२ व्या रेजिमेंटमधून युरोपात लढायला गेला.

ऑलिंपिक परत भरले ते १९४८ मध्ये लंडनला. साकामोटो यांच्या शिष्याला, बिल स्मिथला, ४०० मीटर फ्रीस्टाइलमध्ये सुवर्णपदक मिळाले, रिलेतही मिळाले. पण हा स्मिथ पाटातला मूळ पोरगा नव्हे. तो होनोलुलूचा, नंतर मास्तरांकडे शिकायला आलेला. ज्यांना १९३७ मध्ये वचन दिले त्यांची उमेदीची वर्षे तोवर उलटून गेली होती. मास्तरांनी पुढे हवाई विद्यापीठात बरीच वर्षे कोच म्हणून काम केले, १९६६ मध्ये आंतरराष्ट्रीय जलतरण हॉल ऑफ फेममध्ये त्यांचे नाव लागले. माउईचा शेवटचा ऊस २०१६ मध्ये गाळला गेला.

त्या पहिल्या पोरांतला सगळ्यात गुणी म्हणजे कियो नाकामा. जन्म पुउनेनेचाच, १९२० चा. राष्ट्रीय विजेतेपदे ढिगाने, ऑलिंपिक एकही नाही. पुढे तो स्वतः कोच झाला आणि हवाईच्या विधिमंडळातही निवडून आला. १९६१ मध्ये मोलोकाई आणि ओआहू या बेटांमधली सुमारे ४२ किलोमीटरची खाडी त्याने पोहून पार केली. नोंद असलेला पहिलाच माणूस. पंधरा तासांहून अधिक वेळ लागला, खवळलेला समुद्र, उलटसुलट प्रवाह, आणि पोहणारा ४१ वर्षांचा.