मिस्टर टोडची शेवटची फेरी

जुनं नाट्यगृह पाडायला निघालं किंवा एखादा वाडा बिल्डरच्या ताब्यात गेला, की हळहळणारी, वर्तमानपत्रांना पत्रं लिहिणारी, प्रसंगी रस्त्यावर उतरणारी माणसं आपण पाहिलेली आहेत. आज ज्या आंदोलनाची हकिगत सांगणार आहे, ते मात्र एका खेळातल्या मोटारीसाठी झालं. आणि ते करणारी माणसं चांगली मोठी, नोकरीधंद्यातली, पोराबाळांची होती.

अमेरिकेत फ्लोरिडा राज्यात ओरलँडो शहराजवळ डिस्ने कंपनीचं 'मॅजिक किंगडम' हे प्रचंड उद्यान आहे. 1997 च्या डिसेंबरात तिथं हिरवे टी-शर्ट घातलेली काही मंडळी जमली. मिकी माउस मिस्टर टोडचा जीव का घेतो आहे ते मला विचारा, अशा अर्थाचा मजकूर त्या शर्टांवर होता. अमेरिकेत काळ्या लोकांच्या हक्कांसाठी तरुणांनी ठिय्या देऊन जी आंदोलनं केली, त्यांना 'सिट-इन' म्हणत. या मंडळींनी आपल्या कार्यक्रमाला नाव दिलं 'टोड-इन'. म्हणजे ज्या कंपनीचा निषेध करायचा, तिच्याच दारात तिकीट काढायचं, आत शिरायचं, रांगेत उभं राहायचं आणि त्या मोटारीत बसून यायचं. घोषणा नाहीत, दगडफेक नाही. इतकं सभ्य आंदोलन विरळाच म्हणायचं.

कारण काय घडलं? त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात ओरलँडोच्या वर्तमानपत्रात बातमी आली, की 'मिस्टर टोड्स वाइल्ड राइड' बंद होणार आणि तिच्या जागी 'विनी द पू' या अस्वलाची राइड येणार.

आता हा मिस्टर टोड कोण? केनेथ ग्रॅहम या इंग्रज लेखकाचं 'द विंड इन द विलोज' हे 1908 सालचं पुस्तक. त्यातला हा श्रीमंत, बढाईखोर, मोटारींच्या नादानं वेडा झालेला बेडूकराव. डिस्नेनं त्याच्यावर 1949 साली चित्रपट काढला आणि 1955 च्या जुलैत कॅलिफोर्नियात डिस्नेलँड उघडलं, तेव्हा पहिल्याच दिवसापासून त्याची राइड तिथं होती. 1971 साली फ्लोरिडाचं उद्यान सुरू झालं, तिथंही ती आली. फ्लोरिडात तर तिचे दोन वेगवेगळे मार्ग होते. एका मार्गावरची दृश्यं दुसऱ्यावर नसत. त्यामुळे सगळी राइड बघायची तर दोनदा बसावं लागे, आणि पोरांना आणखी एकदा बसायला आयतं निमित्त मिळे.

या राइडची खुमारी अशी, की टोड म्हणजे बसणारा स्वतःच. मोटारीत बसलात की तुम्ही बेदरकार चालक झालात. घराच्या आतूनच गाडी सुसाट निघायची, सामानसुमान उडवत गावात शिरायची, पोलीस, न्यायाधीश सगळ्यांची गाठ पडायची. मग अंधारात आगगाडीचा दिवा समोरून अंगावर यायचा. टक्कर! आणि त्यानंतर दार उघडायचं ते थेट नरकात. लाल उजेड, गरम हवा, नाचणारी छोटी छोटी सैतानं. तिथून बाहेर उन्हात. हा नरक ग्रॅहमच्या पुस्तकात नाही, डिस्नेच्या चित्रपटातही नाही. लहान मुलांच्या राइडचा शेवट नरकात करण्याचा हा वात्रटपणा कारागिरांनी आपल्या मनानं केलेला. रंगवलेल्या फळ्या, काळोख आणि वळणं, एवढंच भांडवल. आजच्या हिशेबानं कारागिरी अगदी साधी. पण ज्या मुलानं सातव्या वर्षी आईचा हात घट्ट धरून तो नरक पाहिला, त्याला तो पुढे तीस वर्षं आठवला यात नवल नाही.

कंपनीचा हिशेब वेगळा होता. नव्वदच्या दशकात पू अस्वलाची बाहुली, कपडे, कप, दप्तरं तुफान खपत होती. टोडचं काय खपणार? राइडमधून बाहेर पडलं की समोर दुकान, ही या उद्यानांची रीतच आहे. बराच काळ कंपनीनं धड हो म्हटलं नाही, धड नाही म्हटलं नाही. अधिकृत घोषणा झाली ती बंद होण्याच्या काही दिवसच आधी. 7 सप्टेंबर 1998 रोजी टोडची शेवटची फेरी झाली. पुढच्या वर्षी जूनमध्ये पूची राइड सुरू झाली.

पण गंमत पाहा. नव्या राइडमध्ये घुबडाच्या घराच्या भिंतीवर एक तसबीर लावलेली आहे. तिच्यात मिस्टर टोड घुबडाच्या हाती जागेचे कागदपत्र देतो आहे! रीतसर खरेदीखत झालं म्हणायचं. शिवाय जवळच्या भुताच्या हवेलीमागे पाळीव प्राण्यांची खोटी दफनभूमी आहे, तिथं टोडचा एक पुतळा बसवला आहे. म्हणजे राइड मोडणाऱ्या कंपनीतल्याच कुणाला तरी तिची आठवण ठेवावीशी वाटली. आणि त्याहून मोठी गंमत अशी, की पू अस्वलाचा जन्मदाता ए. ए. मिल्न हा स्वतः ग्रॅहमच्या पुस्तकाचा निस्सीम भक्त. त्यानंच त्या पुस्तकावरून 'टोड ऑफ टोड हॉल' हे नाटक लिहून 1929 साली रंगमंचावर आणलं. ज्यानं टोडला रंगभूमीवर जागा दिली, त्याच्याच अस्वलानं सत्तर वर्षांनी टोडला घराबाहेर काढलं.

आपण म्हणाल, मालमत्ता कंपनीची, ती काय वाटेल ते करील. अगदी खरं आहे. डिस्नेलँड कधीच पूर्ण होणार नाही, ते बदलत राहील, असं वॉल्ट डिस्नेनं स्वतःच सांगून ठेवलं होतं. पण दुसरी बाजू अशी, की हीच कंपनी जाहिरातीतून सांगते, इथं या, मुलांना आणा, तुम्ही लहानपणी पाहिलं ते त्यांना दाखवा. आठवणींचा व्यापार करायचा आणि गिऱ्हाइकानं आठवण मनावर घेतली की त्याला खुळा म्हणायचं, हे काही मला पटत नाही. चाहत्यांचा हक्क कायद्यात बसत नाही, पण तो हक्क आपला आहे ही भावना त्यांच्या मनात रुजवली कुणी?

चाहत्यांचं कंपनीनं ऐकलं, असं एकदा घडलं खरं. त्याच फ्लोरिडातल्या एपकॉट उद्यानात 1983 पासून कल्पनाशक्तीवरची एक राइड होती. तिचा नायक फिगमेंट नावाचा जांभळा पिटुकला ड्रॅगन. 1998 च्या ऑक्टोबरात ती बंद केली आणि वर्षभरानं नव्या रूपात उघडली, तर फिगमेंट जवळजवळ गायब! तक्रारींचा एवढा भडिमार झाला, की दोनच वर्षांत नवी राइड पुन्हा बंद करावी लागली आणि 2002 च्या जूनमध्ये फिगमेंट परतला. पण माझ्या मते हा विजय निव्वळ प्रेमाचा नव्हता. नवं काम मुळात फिकं होतं, आणि फिगमेंट हे खुद्द कंपनीचं, विकता येण्याजोगं चित्र होतं. टोडच्या पाठीशी असं कुणी नव्हतं.

सगळीकडेच असं चालतं का? न्यूयॉर्कच्या समुद्रकाठी कोनी आयलंड आहे. तिथं 1927 सालचा 'सायक्लोन' हा लाकडी रुळांचा रोलर कोस्टर. सत्तरच्या दशकात तो पाडून शेजारचं मत्स्यालय वाढवायचा बेत होता. नागरिकांनी मोहीम चालवली, 1975 साली तो नव्या चालकाकडे सोपवून पुन्हा सुरू झाला, आणि 1988 साली शहरानं त्याला वारसा वास्तूचा दर्जा दिला. आजही तो धडधडतो आहे. त्याच किनाऱ्यावरचा 1925 सालचा 'थंडरबोल्ट' मात्र 2000 साली जमीनदोस्त झाला. इंग्लंडात मार्गेटची 1920 सालची 'सीनिक रेल्वे' 2002 मध्ये संरक्षित यादीत गेली, 2008 मध्ये आगीत होरपळली, तरी 2015 साली पुन्हा उभी राहिली. या सगळ्या गोष्टी उघड्यावर उभ्या असलेल्या, लाकडाच्या, रस्त्यावरून दिसणाऱ्या. सरकारला त्यांना इमारत म्हणता येतं. टोडची राइड म्हणजे बंद खोलीतली गोष्ट. गोष्टीला कुठल्या यादीत घालणार?

आपल्याकडे गोराईचं एस्सेल वर्ल्ड 1989 मध्ये सुरू झालं आणि 2022 साली बंद झालं. तिथं तर एका पाळण्याचा प्रश्नच नव्हता, शाळेच्या सहलीसकट आणि बोटीच्या प्रवासासकट सगळंच गेलं. असो.

मात्र प्रत्येक वेळी चाहत्यांचीच बाजू उचलून धरावी असंही नाही. 'स्प्लॅश माउंटन'चं प्रकरण पाहू. ओंडक्यासारख्या होडीत बसून पाण्यातून जायचं आणि शेवटी सुमारे 50 फुटांवरून खाली झेपावायचं, अशी ही राइड 1989 साली कॅलिफोर्नियात आणि 1992 साली फ्लोरिडात सुरू झाली. लोकांना ती अतोनात आवडे. तिचा आधार मात्र 1946 सालचा 'साँग ऑफ द साउथ' हा चित्रपट. यादवी युद्धानंतरच्या दक्षिणेत, जिथं गुलामगिरीच्या जखमा ओल्या होत्या, तिथल्या मळ्यावर सगळं कसं गोडीगुलाबीनं चाललं आहे, असं तो दाखवतो. त्याच वर्षी काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेनं त्याला आक्षेप घेतला होता. चित्रपटाचा पहिला खेळ अटलांटा शहरात झाला, पण त्यातली मुख्य भूमिका करणारा जेम्स बास्केट हा काळा नट तिथल्या वर्णभेदामुळे त्या समारंभाला जाऊ शकला नाही. कंपनीनं स्वतःच हा चित्रपट अमेरिकेत घरगुती कॅसेटवर कधी विकला नाही. आणि तरी त्यातले ससा, कोल्हा आणि अस्वल घेऊन डोंगर मात्र उभारला.

2020 साली जॉर्ज फ्लॉइडच्या हत्येनंतर हा प्रश्न पुन्हा पेटला. राइड बदला म्हणणाऱ्या आणि वाचवा म्हणणाऱ्या, दोन्ही बाजूंनी हजारोंनी सह्या गोळा झाल्या. जूनमध्ये कंपनीनं जाहीर केलं, की इथं 2009 च्या चित्रपटातल्या टियाना या डिस्नेच्या पहिल्या काळ्या राजकन्येची गोष्ट येणार. जानेवारी 2023 मध्ये फ्लोरिडातला डोंगर बंद झाला. शेवटच्या दिवशी लोक तासन् तास रांगेत उभे होते. काहींनी तर राइडचं पाणी बाटल्यांत भरून नेलं आणि ते इंटरनेटवर विक्रीला निघालं! आपण गंगाजल आणतो, त्याची आठवण झाल्याखेरीज राहत नाही.

त्या रांगेतल्या माणसांना वर्णद्वेष्टे म्हणणं अन्यायाचं होईल. बहुतेकांनी तो चित्रपट पाहिलाही नसेल. त्यांना आठवत होती ती वडिलांबरोबर मारलेली उडी. पण ज्या कुटुंबांना त्या गाण्यांमागचा इतिहास ठाऊक होता, त्यांच्याही आठवणी होत्याच, आणि त्या गोड नव्हत्या. कुणाची आठवण मोठी, याचा निवाडा टियानाच्या बाजूनं झाला, तो मला योग्य वाटतो. त्यातही डोंगर तोच, पाणी तेच, झेप तीच राहिली. खुद्द स्प्लॅश माउंटनमधले पुष्कळ बाहुले 1988 साली बंद झालेल्या 'अमेरिका सिंग्ज' या जुन्या कार्यक्रमातून उचलून आणलेले होते. त्यांच्यासाठीही तेव्हा कुणी हळहळलं असेलच.

2024 च्या जूनमध्ये फ्लोरिडात आणि नोव्हेंबरात कॅलिफोर्नियात टियानाची राइड सुरू झाली. जपानमध्ये टोकियोच्या उद्यानाची मालकी दुसऱ्या कंपनीकडे आहे, तिथं जुना स्प्लॅश माउंटन तसाच राहिला. इकडे मॅजिक किंगडममध्ये 1971 पासूनची नदी आणि तिच्यातली चाकाची बोट 2025 च्या जुलैत बंद झाली. तिथं आता बोलक्या मोटारींच्या 'कार्स' चित्रपटाचा भाग उभा राहायचा आहे. शेवटच्या फेरीसाठी पुन्हा गर्दी झाली.

मोटारवेडा मिस्टर टोड मात्र फ्लोरिडातून गेला तरी कॅलिफोर्नियात टिकून आहे. तिथं पूला दुसरी जागा मिळाली, गाणाऱ्या अस्वलांचं थिएटर हटवून. टोडची मोटार अजून आगगाडीवर आदळते आणि नरकाचं दार अजून उघडतं.